काठावरचे कण

थर्माकोलचा एखादा तुकडा हाताने मोडून पाहा. मोडलेल्या कडेवर पांढरे गोल दाणे उघडे पडतात, काही सुटून बोटांना चिकटतात. प्रत्येक दाणा शेजारच्याला घट्ट टेकलेला असतो, तरी त्याची हद्द स्पष्ट दिसते. हा प्रत्येक दाणा एके काळी द्रवाचा थेंब होता. पाण्याने भरलेल्या पोलादी भांड्यात तो असंख्य थेंबांच्या गर्दीत फिरत होता, त्यांच्यावर आदळत होता, आणि तरीही त्यांच्यात मिसळून गेला नाही. त्याला वेगळं ठेवलं ते एका पांढऱ्या भुकटीने. तयार दाण्यात ही भुकटी जवळपास उरत नाही, विक्रीच्या पावतीवर तिचं नाव नसतं. माझ्या नोकरीची सगळी वर्षं तिच्या सोबतीने गेली. म्हणून तिच्याबद्दल लिहिणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात थर्माकोल कुणाला नवा नाही. भिवंडीपासून पडघा, वासिंदपर्यंत नाशिक महामार्गाच्या कडेने गोदामं उभी आहेत. तिथे येणारा प्रत्येक फ्रिज, प्रत्येक टीव्ही थर्माकोलच्या कोपऱ्यांत बसून येतो. किन्हवली, डोळखांब, टोकावडे या बाजूच्या गावांत गणपतीचं मखर वर्षानुवर्षं थर्माकोलचंच असायचं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावट यांवर बंदी आणली, आणि ते योग्यच झालं. ओढ्यात अडकलेले ते पांढरे दाणे कुजत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. पण एखाद्या वस्तूचा वापर चुकला म्हणून ती वस्तू घडवणारं ज्ञान कमी मोलाचं ठरत नाही. त्याच ज्ञानातून पाणी शुद्ध करणारे मणी होतात, दातांच्या कवळ्या होतात.

मी भातशेती करणाऱ्या घरातला. आसनगाव, आटगावच्या शेड्स आणि मुरबाडची एमआयडीसी उभी राहिली, तेव्हा आमच्या पिढीतल्या अनेकांनी पावसाळ्यात लावणी आणि उरलेलं वर्ष शिफ्ट असा संसार मांडला. मला रसायनशास्त्राची पदवी मिळाली होती, म्हणून याच पट्ट्यातल्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट झालो. तिथे स्टायरीनपासून मणी बनवायचे असत.

स्टायरीन हा पाण्यासारखाच पातळ, उग्र वासाचा द्रव. त्याचे रेणू एकमेकांना जोडले गेले की लांबच लांब साखळ्या होतात आणि द्रवाचं घन प्लास्टिक होतं, पॉलिस्टायरीन. ऐकायला सोपं वाटतं. अडचण उष्णतेची आहे. एक किलो स्टायरीन जोडलं जाताना इतकी उष्णता बाहेर पडते की तिच्यावर दोन किलो गार पाणी उकळीला येईल. काही हजार किलो स्टायरीन एकाच भांड्यात तसंच तापवलं, तर मधली उष्णता बाहेर पडायला वाटच सापडत नाही. माल घट्ट होत जातो, ढवळणी अडते, तापमान हाताबाहेर जातं.

यावरचा उपाय सोपा आणि देखणा आहे. स्टायरीन पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते पाण्यात टाकून जोराने ढवळायचं. त्याचे बारीक थेंब होतात. साखळ्या सुरू करणारं द्रव्य, बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड, तेलात विरघळणारं निवडायचं, म्हणजे सगळी क्रिया थेंबाच्या आत घडते. प्रत्येक थेंब एक चिमुकला कारखाना होतो आणि त्याची उष्णता भोवतीचं पाणी लगेच उचलतं. ८०-९० अंशांवर काही तास गेले की थेंबांचे मणी होतात. या पद्धतीला सस्पेन्शन पॉलिमरायझेशन म्हणतात. १९३० च्या दशकात जर्मनीत ती कारखान्यांत रुळली. पुढे १९५० च्या सुमारास बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ स्टास्टनी यांनी अशा दाण्यांत पेंटेन भरून ते वाफेवर फुगवले आणि थर्माकोल जन्माला आला. फुगलेल्या दाण्यात जवळजवळ सगळी हवाच असते.

खरी कसोटी या तासांच्या मधल्या टप्प्यात असते. सुरुवातीला थेंब पातळ असतो. दोन थेंब आदळून एक झाले तरी ढवळणी त्यांना पुन्हा फोडते. जुळणं आणि फुटणं यांचा तोल राखला जातो. अगदी शेवटी थेंब कडक झालेला असतो, दुसऱ्यावर आदळला तरी नुसता उडून बाजूला होतो. पण मध्ये असा काळ येतो, जेव्हा थेंब धड द्रव नसतो, धड घन नसतो. तो चिकट असतो. दोन थेंब भेटले की चिकटतात, आणि आता ते इतके दाट झालेले असतात की ढवळणीला त्यांना सोडवणं जमत नाही. तिसरा येतो, चौथा येतो. गोळा वाढत जातो. साधारण दोन-तृतीयांश स्टायरीन जोडलं गेलं की हा धोका ओसरतो. त्यानंतर प्रत्येक मण्याची ओळख कायमची ठरलेली असते. याच वाटेवर आणखी एक बदल गुपचूप होत असतो. स्टायरीन पाण्याहून हलकं, पॉलिस्टायरीन पाण्याहून जड. म्हणजे वर तरंगू पाहणारा थेंब बुडू पाहणारा मणी होतो, आणि मध्ये एका क्षणी त्याचं आणि पाण्याचं वजन सारखं भरतं.

हा मधला टप्पा पार करून देते ती आमची भुकटी. आम्ही तिला टीसीपी म्हणायचो, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. ट्रायसोडियम फॉस्फेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणं एकत्र केली की तिचा साका बसतो. कारखान्यात तिला जे नाव आहे ते ढोबळ आहे. या कामाला लागणाऱ्या भुकटीची रचना हायड्रॉक्सीअॅपेटाइट या खनिजाशी जुळते, आणि हेच खनिज आपल्या हाडांना आणि दातांना कठीणपणा देतं. हजार किलो स्टायरीनमागे ती काही किलोच लागते.

एका रात्रपाळीला पोतं उघडताना माझ्या हाताखालच्या हेल्परने मला विचारलं, "दादा, हे पीठ टाकायचं कशाला? शेवटी धुऊनच काढतो ना आपण?" तो मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, कंत्राटावर लागलेला. पोती उघडणं, वजन करणं, मॅनहोलमधून माल सोडणं ही त्याची कामं. हा प्रश्न मी कॉलेजात कधी विचारला नव्हता. पुस्तकात 'सस्पेन्डिंग एजंट' असं लिहिलं होतं आणि तेवढ्यावर माझं भागलं होतं. त्याचं तेवढ्यावर भागलं नाही. त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी जे वाचत गेलो, त्यातून मला माझं काम समजलं.

हे कोडं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुटायला लागलं. १९०३ मध्ये ऑक्सफर्डच्या वॉल्टर रॅम्सडेन यांनी दाखवून दिलं की काही घन कण द्रवाच्या पृष्ठभागावर गोळा होतात, तिथे थर धरतात आणि त्या थरामुळे थेंब आणि बुडबुडे टिकून राहतात. १९०७ मध्ये स्पेन्सर अम्फ्रेव्हिल पिकरिंग यांनी याच विषयावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पिकरिंग यांचं काम फळबागेतलं होतं. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या मदतीने त्यांनी १८९४ मध्ये फळबागांचं प्रयोगक्षेत्र सुरू केलं होतं. झाडांवर फवारायला तेल आणि पाणी यांचं टिकाऊ मिश्रण त्यांना हवं होतं. साबणाऐवजी मोरचूद आणि चुन्यापासून झालेला तांब्याचा बारीक साका वापरला तरी तेलाचे थेंब पाण्यात टिकतात, हे त्यांनी पाहिलं. आज अशा मिश्रणांना पिकरिंग यांचं नाव आहे, रॅम्सडेन मागे राहिले. मला या इतिहासातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की कारखान्यातल्या या विद्येचा एक झरा शेतातून निघालेला आहे.

कण थेंबाच्या काठावर का थांबतो? पाण्यातली प्रत्येक भुकटी थांबत नाही. ज्या कणाला पाणी पूर्ण हवंसं आहे, तो पाण्यातच राहतो. ज्याला तेल पूर्ण हवंसं आहे, तो थेंबात शिरतो. ज्याला दोन्ही थोडंथोडं हवंसं आहे, तोच दोघांच्या सीमेवर येऊन बसतो, एक भाग पाण्यात आणि एक भाग तेलात. पाणी आणि तेल यांचा एकमेकांशी संपर्क जिथे येतो, तिथला प्रत्येक तसूभर पृष्ठभाग ऊर्जा खर्चून टिकलेला असतो. कण तिथे बसला की त्याच्या आकाराएवढा तो महागडा पृष्ठभाग नाहीसा होतो. ही बचत कणाला तिथे पकडून ठेवते. कणाला उचलून बाहेर काढायचं तर तेवढी ऊर्जा परत भरावी लागते.

ती किती? साबणाचा रेणूही असाच काठावर बसतो, पण उष्णतेने रेणूंची जी सतत धडपड चालू असते, तिच्या धक्क्याने तो सुटतो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. कणाचं तसं नाही. त्याची पकड त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० नॅनोमीटर त्रिज्येचा कण तेल आणि पाणी यांच्यात निम्मा-निम्मा बसला असेल, तर त्याला बाहेर काढायला त्या धक्क्याच्या लाखाहून अधिक पट ऊर्जा लागते. एकदा बसला की नुसत्या उष्णतेच्या धक्क्याने तो हलत नाही. असे असंख्य कण खांद्याला खांदा लावून बसले की थेंबाभोवती कवच तयार होतं. दोन थेंब जवळ येतात, पण त्यांच्या मधल्या पाण्याचा पातळ पडदा फाटण्याआधी कवचं एकमेकांना अडवतात. आतले द्रव एकमेकांना शिवतच नाहीत.

मी पुढे एका शाळेत हे दाखवायला गेलो. काचेची बाटली, पाणी, गोडेतेल आणि डब्यातली टाल्कम पावडर एवढंच साहित्य. आधी नुसतं तेल आणि पाणी हलवलं, थोड्या वेळात दोन थर वेगळे झाले. मग पावडर टाकली. ती पाण्याहून आणि तेलाहून जड असूनही तळाला गेली नाही, बरीचशी दोन्ही थरांच्या मधल्या रेषेवर साचली. पुन्हा हलवल्यावर पावडरीचा अंगरखा घातलेले थेंब बाटलीत दिसायला लागले आणि बराच वेळ तसेच राहिले. मुलं बाटलीभोवती जमली होती. एका मुलीने विचारलं, "सर, पावडर मध्येच का थांबली?" मूळ प्रश्न हाच आहे. तो तिने पाहताक्षणी विचारला.

या कवचाची दुसरी किमया मला सगळ्यांत सुंदर वाटते. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीत काम करणारे आर. एम. वाइली यांनी १९५४ मध्ये ती मांडली. समजा, ढवळणीने थेंब फारच बारीक झाले आणि त्या सगळ्यांना झाकायला भुकटी पुरत नाही. थेंबांवर उघड्या जागा राहतात. तिथे तिथे ते जुळायला लागतात. दोन सारखे थेंब मिळून एक झाला की दोघांचा मिळून जो पृष्ठभाग होता, तो सुमारे एक-पंचमांशाने कमी होतो. भुकटी मात्र तेवढीच असते, आणि ती काठ सोडून जात नाही. म्हणजे उरलेल्या पृष्ठभागावर कण अधिक दाटीने बसतात. थेंब आणखी जुळतात, कण आणखी दाटतात, आणि एक वेळ अशी येते की उघडी जागाच उरत नाही. तिथे जुळणं आपोआप थांबतं. सगळे थेंब जवळपास एकाच मापाचे होतात. भुकटी दुप्पट घेतली तर थेंबाचा व्यास साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे मणी केवढा व्हायचा, हे बऱ्याच अंशी त्या पोत्यातल्या वजनावर ठरतं. हेल्परने वजनकाट्यावर घेतलेली काळजी मण्याच्या आकारात उतरते. हे त्याला सांगितलं तेव्हा तो काट्याचा आकडा दोनदा पाहायला लागला. मी तसं करायला सांगितलं नव्हतं.

भुकटीचा स्वभावही जुळवून घ्यावा लागतो. शुद्ध फॉस्फेटला पाण्याची ओढ जास्त, ती नुसती टाकली तर बरीचशी पाण्यातच राहते. म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत असतो तसा सल्फोनेट वर्गातला साबण अगदी किंचित घालतात. साबणाचे रेणू कणाला चिकटतात, त्याच्या अंगाला तेलाची थोडी गोडी लावतात आणि कण काठाकडे वळतो. हेच प्रमाण वाढलं तर साबणच काठावर जागा धरतो, कणाला बाजूला सारतो आणि बॅच दुधाळ व्हायला लागते. कण दोघांपैकी कुणाला अधिक धार्जिणा आहे, यावर बाहेर कोण आणि आत कोण हेही ठरतं. १९२३ मध्ये फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड यांनी याचा नियम सांगितला: जो द्रव कणाला अधिक भिजवतो, तो बाहेरचा द्रव होतो, दुसऱ्याचे थेंब होतात. कणाचा मोठा भाग ज्या बाजूला असतो, त्या बाजूकडे पृष्ठभाग फुगतो, इतकं हे साधं आहे. आम्हाला पाणी बाहेर हवं असतं. म्हणून कणाने तेलाशी नातं जोडावं, पण कल पाण्याकडेच ठेवावा, एवढं साधावं लागतं.

या तोलाला दुसरी बाजूही आहे. ढवळणी थेंब घडवते, भुकटी तो राखते. एकटी भुकटी सगळं सांभाळू शकत नाही. एका पावसाळ्यात रात्री वीज गेली. बॅच नेमकी चिकट टप्प्यात होती. जनरेटर सुरू व्हायला हवा तसा झाला नाही. ढवळणी थांबली, थेंब एकाच थरात दाटले आणि दाबाखाली कवचं हरली. वीज परत आली तेव्हा मोटर नुसती कण्हली. बॅच बसली होती. रिअॅक्टर थंड करून, हवा खेळवून माणसं छिन्नी-हातोडी घेऊन आत उतरली आणि पातीभोवतीचा गोळा फोडत राहिली. आत उतरणारे सगळे कंत्राटी होते. त्या कारखान्यात तशीच पद्धत होती. बाहेर उभं राहून त्यांचे घाव ऐकताना मला हे अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

बॅच नीट झाली की शेवटचं काम धुण्याचं. गार झालेल्या मालात हायड्रोक्लोरिक अॅसिड सोडायचं. आम्लात फॉस्फेट विरघळतं, कवच निघून जातं, स्वच्छ मणी उरतात. मग मणी गाळायचे, धुवायचे, वाळवायचे, चाळणीवर प्रतवारी करायची. याच पद्धतीने स्टायरीन आणि डायव्हिनिलबेंझीन यांचे मणी करून त्यांच्यापासून पाण्यातले क्षार काढणारं आयन एक्स्चेंज रेझिन होतं. आमच्या रिअॅक्टरला लागणारं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी अशाच मण्यांच्या थरातून येत असे. म्हणजे मणी घडवणारं पाणी आधीच्या मण्यांनी शुद्ध केलेलं. मिथाइल मेथाक्रिलेटचे मणी दंतवैद्याकडे गुलाबी पूड म्हणून जातात आणि त्यांची कवळी होते. तशाच मण्यांचं सिमेंट खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात बसवायला वापरतात. हाडातल्या खनिजाची भुकटी थेंब राखते आणि थेंबातून घडणारा माल कधी हाडाच्या कामी येतो, हे समजलं तेव्हा मी फार आनंदलो होतो.

आता त्या हेल्परच्या प्रश्नाचा दुसरा भाग. धुऊनच काढतो ना? हो, पण धुतलं म्हणजे संपलं असं होत नाही. विरघळलेलं फॉस्फेट सांडपाण्यात असतं. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत, त्याला चुना दिला की कॅल्शियम फॉस्फेट पुन्हा साका धरून तळाला बसतं, त्याचा गाळ वेगळा काढता येतो. तसं न करता पाणी सोडून दिलं तर ते फॉस्फेट ओढ्याला, ओढ्यातून काळू-भातसेला आणि शेवटी उल्हास नदीला मिळतं. तिथे ते शेवाळ आणि जलपर्णी यांचं खत होतं. ज्याचा उपयोग संपला असं आपण समजतो, ते कुठे ना कुठे उभं राहतंच.

या काठावरच्या कणाकडे पाहताना मला आमचे दोन तालुके आठवल्याशिवाय राहत नाहीत. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला मुंबई. माळशेज आणि कसारा या घाटांखालचा हा पट्टा दोन्हींच्या सीमेवर आहे. १८९२ मध्ये बांधलेलं तानसा धरण, नंतरचं भातसा धरण, मुरबाडकडचं बारवी धरण, ही आमच्या जमिनीवरची पाणी साठवण आहे. एकट्या भातसातून मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा जातो. बारवीचं पाणी कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांना आणि कारखान्यांना जातं. आणि एप्रिल-मे महिन्यांत शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. आमची मुलं कसारा लोकलने मुंबईला जातात, लावणीला परत येतात. कारखाने लावणीच्या दिवसांत हजेरी घटली म्हणून कुरकुरतात. गावातले म्हणतात, हा आता शेतात रमत नाही. शहरातले म्हणतात, याचं मन गावातच आहे. दोन्हीकडचे त्याला अर्धवट समजतात.

कणाचं विज्ञान मला सांगतं की हा समज खोटा आहे. जो पूर्ण पाण्याचा आहे, तो पाण्यात कुठेही भटकतो. जो पूर्ण तेलाचा आहे, तो तेलात हरवतो. दोन्हींशी नातं असलेल्याचीच पकड सगळ्यांत घट्ट असते, आणि त्याच्यामुळे दोन न मिसळणाऱ्या गोष्टी एका भांड्यात न फिसकटता नांदतात. मुंबईची गोदामं, कारखाने, नळ आणि इमारती इथल्या अशाच माणसांच्या खांद्यावर टिकून आहेत. चिकट काळ आला की तो पार पाडण्याचं काम यांच्याकडेच येतं.

पण ही तुलना मी एका जागी थांबवतो, थांबवलीच पाहिजे. काम झालं की कण आम्लाने धुऊन टाकता येतो. त्याला घर नसतं, पोरंबाळं नसतात, आठवण नसते. माणसाला धुऊन टाकता येत नाही. करार संपला म्हणून त्याला गेटबाहेर करणं, धरण झालं म्हणून त्याला विसरणं, याला उत्पादनाची पायरी म्हणता येणार नाही. रसायनशास्त्र मला कणाबद्दल जे शिकवतं, ते माणसावर जसंच्या तसं लावायचा अधिकार मला नाही. काठावर उभा राहणारा किती मोलाचा असतो, एवढंच त्यातून घ्यायचं. पुढचं आपण माणूस म्हणून ठरवायचं.

म्हणून या पट्ट्यातल्या केमिस्ट, सुपरवायझर आणि मालक मंडळींना माझी विनंती आहे. बॅच शीटवर भुकटीचं वजन ग्रॅमपर्यंत लिहिलं जातं. ती भुकटी तोलणाऱ्याचं नावही तिथे लिहा, आणि त्याच्या हाताने काय घडतं हे त्याला समजावून सांगा. शहापूर-मुरबाडच्या शाळांतल्या, आयटीआयतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांनो, तुमच्या गावाजवळच्या शेडमध्ये चालणारं विज्ञान मुलांना बाटलीत करून दाखवा. त्याला फार खर्च येत नाही. ही मुलं उद्या त्याच रिअॅक्टरसमोर उभी राहणार आहेत. पोत्यात काय आहे आणि ते काय करतं हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत असलं पाहिजे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.